बीपीची गोळी महिन्याची, ऊसतोड सहा महिन्यांची

डॉक्टरांना विचारा

गेल्या अंकात 'बीपीबद्दल काय विचारायचं ते विचारा' असं लिहिलं आणि गेवराईपासून उदगीरपर्यंतची पत्रं आली. सगळी छापायला पानं पुरणार नाहीत, म्हणून पाच निवडली आहेत. धारूरच्या पत्राला मुद्दाम जास्त जागा घेतली आहे. पत्र एका मुलाने लिहिलंय, पण प्रश्न आपल्या भागातल्या लाखो माणसांचा आहे.

"माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. गावातल्या शाळेत शिबिर झालं, तिथे त्यांचं बीपी १६८/९८ निघालं. आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. सासूबाई म्हणतात, 'डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, पहाटे उठून दोन म्हशींची धार काढते, मला कशाचं आलंय बीपी?' पेपरात वाचलं की जगात बीपी असलेल्या पाच जणांत जेमतेम एकाचंच ताब्यात आहे. एवढी औषधं असताना असं कसं?"
— एक शिक्षिका, ता. गेवराई, जि. बीड

ताई, सासूबाई खरं तेच सांगतायत. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीही जाणवत नाही. डोकं जड होणं, मान दुखणं, चक्कर येणं हे दरवेळी बीपीमुळेच असतं असं नाही, आणि यातलं काही होत नाही म्हणजे बीपी नाही असंही नाही. बाहेरून सगळं ठीक दिसत असताना आत मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होत जातात, हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडाचं काम मंदावतं. लकवा मारलेल्या माणसाला जीपमध्ये आडवं घालून आमच्याकडे आणतात, तेव्हा घरचे हमखास सांगतात, 'कालपर्यंत तर औत हाकत होते हो.' ते खरंच असतं.

आता पेपरातल्या आकड्याकडे येते. जागतिक आरोग्य संघटनेने बीपीवरचा आपला पहिला जागतिक अहवाल २०२३ साली काढला. १९९० मध्ये जगात बीपी असलेले ६५ कोटी लोक होते, ते २०१९ पर्यंत दुप्पट होऊन १३० कोटींवर गेले. २०२५ च्या अहवालात हा आकडा १४० कोटी आहे. पहिल्या अहवालात आणखी एक हिशोब आहे, तो मला जास्त छळतो. बीपी असलेली शंभर माणसं धरली, तर त्यांतल्या ५४ जणांना आपल्याला बीपी आहे हे माहीत असतं. औषध चालू असतं ४२ जणांचं, आणि बीपी ताब्यात असतं २१ जणांचं. म्हणजे निम्म्याच्या जवळपास लोकांच्या दंडाला पट्टाच लागलेला नसतो, काहींना कळूनही गोळी सुरू होत नाही, आणि ज्यांची सुरू होते त्यांतल्या निम्म्यांना ती पुरत नाही, मिळत नाही किंवा मधेच सुटते. गोळ्या जुन्या आहेत, स्वस्त आहेत, चांगल्या चालतात. घोडं अडतं ते गोळी माणसापर्यंत आणि माणूस गोळीपर्यंत पोचण्यात.

शिबिरातलं १६८ मी लगेच पक्कं धरणार नाही, पण उडवूनही लावणार नाही. आपल्याकडची शिबिरं मी पाहिली आहेत. शाळेच्या व्हरांड्यात रांग लागते. बाई बराच वेळ उन्हात उभी राहते आणि शेजारणीशी बोलत बोलतच स्टुलावर येऊन बसते. पाठ टेकायला काही नाही, हात टेकवायला टेबल नाही. झंपरची घट्ट बाही वर सरकवली की ती दंडाला दोरीसारखी आवळते, आणि पट्टा तिच्या खाली कसाबसा गुंडाळला जातो. पट्टा फुगत असतानाच कुणीतरी विचारतं, 'वय किती लिहू?' अशाने आकडा बिघडतो, आणि बहुतेक वेळा वरच जातो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर तो आणखी वर जातो.

म्हणून सासूबाईंना दोन-चार दिवसांत सकाळी उपकेंद्रात न्या. त्याआधी अर्धा तास चहा नको, मिश्री नको, तंबाखू नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा आणि हात टेबलावर, छातीच्या पातळीला. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहून घ्या. परत वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे आला तर गोळी सुरू करायची. साखर, लघवी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) तपासून घ्यावं, पण रिपोर्ट यायचेत म्हणून गोळी लांबवू नये. १८०/११० च्या पुढे आकडा आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

'एकदा सुरू केली की कायमची मागे लागते' ही भीती त्यांना असणारच. गोळीचं व्यसन लागत नाही. बीपी हाच वर्षानुवर्षं राहणारा आजार आहे, म्हणून गोळीही वर्षानुवर्षं घ्यावी लागते. वरचा आकडा नुसता १० ने खाली आला तरी लकव्याचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी होतो, एवढं त्यांना सांगा. म्हशींची धार पुढेही स्वतःच्याच हाताने काढायची असेल तर ही गोळी त्यासाठीच आहे.

"माझे आई-वडील दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. कधी सांगली-कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. परत येतात चैत्रात. आईला मागच्या वर्षी उपकेंद्रात बीपी निघालं. अम्लोडिपिनची गोळी चालू आहे. महिन्याच्या तीस गोळ्या मिळतात, त्या तिकडे गेल्यावर संपून जातात. तिकडे दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो. गावी आली की बीपी परत १७०, आणि इथे सगळे तिलाच रागावतात. मी बारावीला आहे, आजीजवळ राहतो. मी काय करू?"
— ता. धारूर, जि. बीड

बाळा, सगळ्यात आधी हे पत्र आईला फोनवर वाचून दाखव. तिचं काही चुकलेलं नाही. तीस गोळ्या द्यायच्या आणि महिन्याने परत बोलवायचं, ही पद्धत गावात राहणाऱ्या माणसासाठी बसवलेली आहे. कोयता घेऊन सहा महिने परमुलखात राहणाऱ्या बाईला ती लागू पडत नाही. रागावायचंच असेल तर त्या पद्धतीवर रागवावं.

डॉक्टर म्हणून सांगते, दर महिन्याला तपासायची गरज सुरुवातीला असते. गोळी नवी सुरू केली किंवा बदलली की बीपी ताब्यात येईपर्यंत महिन्याने बघायचं. एकदा ताब्यात आलं की तीन ते सहा महिन्यांनी बघितलं तरी चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे. म्हणजे तुझ्या आईला निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या देण्यात वैद्यकीय अडचण काही नाही.

म्हणून तिला पोळ्याच्या सुमाराला उपकेंद्रात घेऊन जा, दिवाळीच्या आदल्या दिवशी नको. एका गोळीवर बीपी ताब्यात येत नसेल तर मात्रा वाढवायला किंवा दुसरी गोळी जोडायला मधे दोन महिने मिळतात. निघायच्या आठवड्यात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना स्पष्ट सांग, 'आई ऊसतोडीला चालली आहे, चैत्रात येईल, निदान तीन महिन्यांच्या गोळ्या द्या.' एका कागदावर औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घे. कंपनीचं नाव नको, कारण तिकडे कंपनी वेगळी असेल. त्या कागदाचा फोटो आईच्या, वडिलांच्या आणि मुकादमाच्या फोनवर पाठव. पुढच्या गोळ्या कारखान्याच्या जवळच्या कुठल्याही सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मागता येतात. आपल्या राज्यात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. कर्नाटकात असतील तर तिथल्या सरकारी दवाखान्यात तोच कागद दाखवायचा. अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन ही बीपीची औषधं देशभर वापरात आहेत, जनऔषधी दुकानात ती अगदी कमी किमतीत मिळतात. खाडा वाचवायचा तर कारखाना बंद असेल त्या दिवशी किंवा बाजाराच्या दिवशी वडिलांनी कागद घेऊन जावं. निदान गोळ्या तरी तुटणार नाहीत.

गोळी कधी घ्यायची? टोळी पहाटे तीन-चारला फडात जायला निघते हे मला माहीत आहे. मग उठल्यावर चुलीवर चहा ठेवला की त्याच वेळी घ्यावी. गोळी सकाळी घेतलेली चांगली की रात्री, हे ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर तपासलं गेलं. २०२२ साली निकाल आला, काही फरक पडला नाही. जी वेळ चुकत नाही ती आपली वेळ. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. गोळ्या कोपीत छपराला खोचून ठेवू नका, झाकणाच्या डब्यात ठेवा.

आता यापेक्षाही महत्त्वाचं. मोळ्या वाहून अंग ठणकतं, म्हणून टोळीत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्या रोजच्या रोज घेतल्या जातात. त्या बीपी वाढवतात आणि बीपीच्या गोळीचं काम हाणून पाडतात. सोबत टेल्मिसार्टन किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि उन्हात घाम गेलेला असेल, तर मूत्रपिंडावर थेट घाला पडतो. ऊसतोडीहून आलेल्या बायांमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं की मी आधी 'दुखायची गोळी कोणती घेत होता?' एवढंच विचारते. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल घ्यावी, तीही ठरलेल्या मात्रेत. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं तर डॉक्टरांना फोनवर विचारून टेल्मिसार्टन किंवा लघवी वाढवणारी गोळी दोन-चार दिवस थांबवावी लागू शकते. अम्लोडिपिनने कुणाकुणाच्या पायाला सूज येते. ती आली तर गोळी परस्पर सोडायची नाही, डॉक्टर बदलून देतात.

आणखी एक. टोळीत गोळ्या एकमेकींना दिल्या जातात. आईची गोळी काकूला किंवा वहिनीला देऊ देऊ नकोस. टेल्मिसार्टन पोटातल्या बाळाला घातक आहे. दिवस गेलेल्या किंवा जाण्याची शक्यता असलेल्या बाईला ती चालत नाही, तिच्यासाठी वेगळी औषधं आहेत.

हे झालं तू काय करायचं ते. पण बारावीच्या मुलाच्या खांद्यावर हे सगळं टाकून मला गप्प बसवत नाही. कारण हे जमतं, जमलेलं आहे. आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, केंद्र आणि राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून २०१७ च्या अखेरीला बीपी नियंत्रणाचा एक उपक्रम हाती घेतला. महाराष्ट्रात तो सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांतून सुरू झाला, मग पसरला. त्यात नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. कुठली गोळी आधी, कुठली नंतर हे सगळ्या दवाखान्यांत एकसारखं ठरवलं. गोळ्यांचा साठा संपू द्यायचा नाही हे ठरवलं. बीपी नर्सताईंनी मोजायचं आणि गोळ्या घराजवळ द्यायच्या. आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून, जो आला नाही त्याला नाव घेऊन फोन करायचा. २०२२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेत २००१ मध्ये बीपीच्या शंभरातल्या ४४ रुग्णांचं बीपी ताब्यात होतं, २००९ मध्ये ८० जणांचं झालं. तिथेही हेच केलं: यादी ठेवली, औषधांचा क्रम ठरवून दिला, दोन औषधं एका गोळीत आणली, आणि नुसतं बीपी मोजायला येणाऱ्याकडून पैसे घेतले नाहीत. आपल्या शेजारी बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या खेड्यांत आशाताईंसारख्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन बीपी मोजत होत्या, समजावत होत्या. दोन वर्षांत त्या गावांतल्या रुग्णांचं वरचं बीपी इतर गावांपेक्षा सुमारे ५ ने जास्त उतरलं. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला.

यात आपल्या भागाचा पेच एवढाच आहे की आपली माणसं हंगामात यादीतून निघून जातात. नोंद धारूरला आणि माणूस शिरोळला. म्हणून माझं सरळ मागणं आहे. बीड, जालना, परभणी, धाराशिवमध्ये दसऱ्याच्या आधी ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक तीस वर्षांवरच्या माणसाचं बीपी मोजलं जावं, कार्ड सोबत द्यावं, गोळ्या तीन महिन्यांच्या द्याव्यात. कारखान्याच्या तळावर आठवड्यातून एक संध्याकाळ तिथल्या नर्सताईंनी पट्टा घेऊन बसावं. संध्याकाळच हवी, सकाळी कोपीत कुणी नसतं. ऊसतोड कामगारांसाठी राज्याचं गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, हे काम त्याच्या कक्षेत शोभून दिसेल. तू अठराचा झाला असशील तर पोळ्याच्या आसपासच्या ग्रामसभेत हा विषय मांड. झाला नसशील तर आजीला मांडायला लाव. ठरावाची प्रत मला पाठव, मी ती याच पानावर छापेन.

"घरी मशीन घेतलं आहे. डॉक्टरांकडे १५८ येतं, घरी १३२. मी दिवसातून सात-आठ वेळा मोजतो, दरवेळी वेगळं. मशीन खराब आहे का?"
— निवृत्त लिपिक, उदगीर, जि. लातूर

काका, मशीन बहुधा ठीक आहे. बीपी दिवसभर वरखाली होतंच. काहींचं दवाखान्याची पायरी चढली की वाढतं. एकदा मशीन डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी ताडून बघा. मशीन दंडाचं असावं, मनगटाचं नको. सात-आठ वेळा मोजणं आजपासून बंद करा, त्या काळजीनेच आकडा चढतो. डॉक्टरांना दाखवायच्या आधीचे सात दिवस सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि रात्री दोनदा मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर काळजीचं कारण नाही. ती वही डॉक्टरांना दाखवा, औषध वाढवायचं की नाही ते त्यावरून ठरेल. आकडा चांगला आला म्हणून गोळी मात्र सोडू नका. तो गोळीमुळेच चांगला आलाय.

"यांना बीपी आहे. मीठ कमी केलं तर ताटावरून उठतात. सैंधव वापरलं तर चालेल का?"
— एक गृहिणी, परभणी

सैंधवही सोडियमच आहे ताई, बीपीसाठी त्यात आणि साध्या मिठात फरक नाही. दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं. आपली ज्वारीची भाकरी बहुतेक घरांत बिनमिठाचीच होते, ही आपल्या जेवणातली फार चांगली गोष्ट आहे. मीठ येतं ते तिच्या बाजूने: ठेचा, लोणचं, तळलेली खारी मिरची, पापड, शेव-फरसाण. वरणाला हात लावू नका, आधी ताटातलं हे आवरा. ठेच्यात मिठाऐवजी लिंबू आणि लसूण वाढवा. मग दर पंधरवड्याला भाजीतलं मीठ चिमूटभर कमी करत जा, आणि त्यांना सांगू नका. महिना-दोन महिन्यांत जिभेला सवय होते.

बाजारात कमी सोडियमचं, पोटॅशियम मिसळलेलं मीठ मिळतं. चीनमध्ये ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर ते वापरून पाहिलं, लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. हा निकाल २०२१ चा. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाला धोका होतो.

"वडिलांचं बीपी रात्री २००/११० निघालं. त्रास काहीच नव्हता. मेडिकलवाल्याने जिभेखाली ठेवायला गोळी दिली. हे बरोबर आहे का?"
— ता. कळमनुरी, जि. हिंगोली

नाही. जिभेखालच्या औषधाने बीपी एकदम कोसळू शकतं, मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊन त्यानेच लकवा मारू शकतो. त्रास नसेल तर वडिलांना शांत पडून राहू द्या, अर्ध्या तासाने परत मोजा. रोजची गोळी राहिली असेल तर तेवढी द्या आणि सकाळी उठल्या उठल्या डॉक्टरांकडे न्या. असं बीपी उतरवायचं असतं, पण दिवसांच्या हिशोबाने, गोळ्या नीट बसवून.

मात्र छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, एकाएकी दिसेनासं झालं, तर आकडा कितीही असो, मोजत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यायला सांगा. तोंडाने पाणी, गोळी काही देऊ नका. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून वडील शेवटचे ठीक कधी दिसले होते ती वेळ लिहून सोबत न्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.